आईचा खोकला आणि एक प्रोटॉन

कलाशाखेच्या वार्षिकांकात आम्ले आणि आयन यांच्यावर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. कुणाला वाटेल, छापखान्यात दुसऱ्याच महाविद्यालयाचा फर्मा चुकून आपल्या अंकात बांधला गेला. तसे काही झालेले नाही. प्रस्तुत लेखक आपल्यातलाच आहे. दहावीला विज्ञानात काठावर उत्तीर्ण झाला, निकालाच्या दुसऱ्या दिवशी विज्ञानाची पुस्तके रद्दीत घातली आणि 'सुटलो बुवा' म्हणून मोकळा श्वास घेतला, असा.

तो मोकळा श्वास गेल्या दिवाळीत अडकला. माझा नव्हे, आईचा.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. आईने न्हाणीघर घासायला काढले होते. फरशीवरचे पांढरे डाग जाईनात, म्हणून तिने बाजारातून आणलेले बाटलीतले अ‍ॅसिड ओतले. तेवढ्याने भागेना, तेव्हा पाण्याच्या टाकीसाठी आणून ठेवलेली ब्लीचिंग पावडर वर टाकली. दोन्ही वस्तू स्वच्छतेच्याच. एकीने इतके होते तर दोघींनी किती होईल, असा तिचा सरळ हिशेब. उकिडवी बसून ती घासू लागली, आणि मिनिटाभरात तिच्या खोकल्याचा असा आवाज आला की मी हातातली कादंबरी टाकून धावलो. माझ्या आधी धाकटी बहीण पोचली होती. तिने आईला दंडाला धरून ओढत अंगणात आणले.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारले, "काकूंनी काय काय मिसळलं होतं?" मला धड सांगता येईना. मी म्हणालो, "साफसफाईचं काहीतरी होतं." दहावीत शिकणारी धाकटी पुढे होऊन म्हणाली, "हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर. क्लोरीन झाला असेल." डॉक्टरांनी मान हलवली आणि नळी लावायला सांगितली. आईला एक रात्र तिथे ठेवले. ती बरी झाली. खोकला मात्र दिवाळी संपली तरी गेला नव्हता.

त्याच आठवड्यातली एक रात्र. धाकटी पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली. "दादा, दोन गोष्टी समजत नाहीत. मिठातसुद्धा क्लोरीन असतो ना? मग आपण रोज मीठ खातो, आपल्याला काही का होत नाही? आणि दुसरं. या धड्यात लिहिलंय की आम्ल प्रोटॉन देतं. मागच्या धड्यात लिहिलंय की प्रोटॉनची संख्या हीच मूलद्रव्याची ओळख. मग प्रोटॉन देऊन टाकला की मूलद्रव्यच बदलायला नको का?"

मी म्हणालो, "तसंच असतं. पाठ कर."

तिने काही न बोलता पुस्तक मिटले. आतल्या खोलीतून आईचा खोकला ऐकू येत होता. शाळेत मलाही एकदा असेच उत्तर मिळाले होते आणि मीही असेच पुस्तक मिटले होते, ते मला त्या क्षणी आठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे दोन प्रश्न घेऊन मी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांकडे गेलो. महिनाभर रोज जात राहिलो. तिथे जे समजले ते आपल्या भाषेत आपल्यासमोर ठेवतो आहे.

पहिला प्रश्न मिठाचा.

प्रत्येक अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असते. त्यात धन विद्युतभाराचे प्रोटॉन आणि भाररहित न्यूट्रॉन असतात. भोवती ऋण विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉन जितके, तितकेच इलेक्ट्रॉन. त्यामुळे सारा अणू विद्युतदृष्ट्या तटस्थ राहतो. अणूचे कूळ ठरते ते प्रोटॉनच्या संख्येवरून. अकरा प्रोटॉन म्हणजे सोडियम, सतरा म्हणजे क्लोरीन. अकराचे बारा झाले तर तो सोडियम राहतच नाही, मॅग्नेशियम होतो. पण अणुकेंद्रात असा फेरफार होणे ही काही स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात घडणारी गोष्ट नव्हे. त्याला किरणोत्सर्ग किंवा अणुभट्टी लागते. रसायनशास्त्राचा सारा व्यवहार चालतो तो बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत.

हे इलेक्ट्रॉन थराथराने असतात. सोडियमच्या आतल्या थरात दोन, त्याबाहेर आठ आणि सर्वांत बाहेर एकटा एक. क्लोरीनचे दोन, आठ आणि सात. (हे थर म्हणजे आखीव रिंगणे नव्हेत, हे सरांनी मला बजावून सांगितले, पण हिशेबापुरते तसे धरायला हरकत नाही.) बाहेरच्या थरात आठ असले की मांडणी स्थिर असते. सोडियमचा बाहेरचा एक गेला की त्याच्या खालचा आठांचा थर उघडा पडतो. क्लोरीनला एक मिळाला की त्याचे सातांचे आठ होतात. म्हणून सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. आता सोडियमकडे प्रोटॉन अकरा आणि इलेक्ट्रॉन दहा. त्याच्यावर एक धन भार. क्लोरीनकडे प्रोटॉन सतरा आणि इलेक्ट्रॉन अठरा. त्याच्यावर एक ऋण भार. असे भारित झालेले अणू म्हणजेच आयन. कूळ कुणाचेच बदलले नाही, कारण प्रोटॉनला कुणी हात लावला नाही. बदलला तो स्वभाव.

आणि किती बदलला! सोडियम हा सुरीने कापता येईल असा मऊ धातू. त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागते, कारण पाण्यात पडला तर तो पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने तो नळकांड्यांतून सोडला आणि वाऱ्याने तो समोरच्या खंदकांत उतरला. या दोहोंत एका इलेक्ट्रॉनची देवघेव झाली की जे उरते ते आपण चिमूटभर आमटीत टाकतो. 'मिठात क्लोरीन असतो' हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. मिठात असतो तो क्लोराइड आयन. त्याला हवा असलेला इलेक्ट्रॉन मिळून गेलेला आहे. आता तो दुसऱ्या कुणाचा हिसकावून घ्यायला जात नाही.

इथे मी सरांना म्हणालो, "म्हणजे सोडियम दानशूर म्हणायचा." सर हसले. म्हणाले, "पुस्तकं तसंच लिहितात, आणि तिथेच मुलं फसतात. सोडियम सुखासुखी काही देत नाही." मग त्यांनी मला जमाखर्च मांडून दाखवला. तेवीस ग्रॅम सोडियमच्या साऱ्या अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन काढायचा, तर सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. तितकेच क्लोरीनचे अणू ते इलेक्ट्रॉन घेतात, तेव्हा सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळते. म्हणजे व्यवहार जवळजवळ दीडशेने तोट्यात. मग तो होतोच का? कारण व्यवहार तिथे संपत नाही. धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढतात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी त्यांची रचना होते. आणि सुटे आयन असे जवळ येऊन स्फटिक बनतो तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तोटा भरून निघतो आणि वर भरपूर शिल्लक राहते. दानशूरपणा वगैरे काही नाही. शेजार मिळतो म्हणून हा व्यवहार परवडतो.

आता भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयांतर. 'आयन' हा शब्द मायकेल फॅरडे याने १८३४ मध्ये रूढ केला. द्रावणातून वीज सोडली की काही कण एका टोकाकडे आणि काही दुसऱ्या टोकाकडे जातात, हे त्याने पाहिले. त्याला नावे हवी होती. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडिताशी पत्रव्यवहार करून त्याने ती ग्रीकमधून घेतली. ग्रीकमध्ये 'आयन' म्हणजे जाणारा. हे ऐकल्यावर मला राहवेना. संस्कृतात 'इ' हा जाण्याचा धातू आहे, त्यापासून 'अयन'. उत्तरायण आणि दक्षिणायन यांतले ते अयन. ग्रीक धातू आणि हा संस्कृत धातू एकाच मुळाचे आहेत. मराठी पुस्तकात 'आयन' लिहिताना आपण परका शब्द उसना घेतला असे वाटते. खरे पाहता दूरच्या चुलत घराण्यातला माणूस घरी आलेला असतो. शाळेत कुणी एवढे सांगितले असते, तर कदाचित माझी पुस्तके रद्दीत गेली नसती. असो.

फॅरडेला वाटे की वीज सोडल्यामुळे पदार्थाचे आयन होतात. वीज नसतानाही मिठाच्या पाण्यात आयन सुटेच असतात, असे ठामपणे मांडले ते स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस याने. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला त्याने आपला प्रबंध सादर केला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. परीक्षकांना ते पटेना. पाण्यात पेटणारे सोडियम पाण्यात सुटे आणि शांत कसे राहील? आक्षेप रास्तच होता. अणू आणि आयन यांत भेद केला नाही तर तो कुणालाही सुचेल. माझ्या बहिणीचा पहिला प्रश्न तरी वेगळा कुठे होता? प्रबंधाला कनिष्ठ श्रेणी मिळाली. त्यावेळी इलेक्ट्रॉन कुणालाच ठाऊक नव्हता, जे. जे. टॉमसनने तो १८९७ मध्ये दाखवून दिला. १९०३ मध्ये अर्‍हेनियसला याच कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी गुण मिळालेल्या मित्रांनी ही हकीकत जरूर लक्षात ठेवावी. मात्र अर्‍हेनियसने प्रबंध लिहिला होता, हेही विसरू नये.

आता दुसरा प्रश्न. तो अधिक अवघड, आणि माझ्या मते अधिक सुंदर.

आम्ल म्हणजे काय, हे ठरवताना थोर थोर माणसे चुकली आहेत. अठराव्या शतकात लाव्हाझिए याला वाटले की आंबटपणाचे मूळ एका विशिष्ट वायूत आहे. म्हणून त्याने त्या वायूला नाव दिले 'ऑक्सिजन', म्हणजे आम्ल निर्माण करणारा. नाव टिकले, कल्पना पडली. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही याने दाखवले की ज्याला आज आपण हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतो, त्यात ऑक्सिजन औषधालाही नाही. आहेत ते फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन. हळूहळू ध्यानात आले की आम्लांचे गुण ऑक्सिजनमध्ये नाहीत, हायड्रोजनमध्ये आहेत.

हायड्रोजन हा सर्वांत साधा अणू. त्याच्या अणुकेंद्रात बहुधा फक्त एक प्रोटॉन असतो, न्यूट्रॉन नसतो. भोवती एक इलेक्ट्रॉन. बस्स, संसार संपला. या अणूचा तो एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, तर मागे काय उरते? नुसते अणुकेंद्र. आणि ते अणुकेंद्र म्हणजेच एक प्रोटॉन. हायड्रोजनचा आयन आणि प्रोटॉन ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत. प्रोटॉन हे नाव रदरफर्डने १९२० मध्ये दिले.

इथे बहिणीची गाठ सुटते. 'आम्ल प्रोटॉन देते' हे वाचून तिला वाटले की आम्लातल्या क्लोरीनच्या सतरा प्रोटॉनांतला एक गळून पडतो. तसे मुळीच घडत नाही. हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यामध्ये दोन इलेक्ट्रॉन सामाईक असतात, एक याचा आणि एक त्याचा. रेणू पाण्यात आला की हायड्रोजनचे अणुकेंद्र उठून जाते, आणि जाताना दोन्ही इलेक्ट्रॉन क्लोरीनपाशीच ठेवून जाते. दोघे भाऊ वेगळे होताना धाकट्याने सामाईक वाड्यातला आपला वाटाही थोरल्याकडे सोडून अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडावे, तसे. क्लोरीनचे प्रोटॉन सतराचे सतराच. इलेक्ट्रॉन मात्र अठरा. म्हणजे तोच आपला मिठातला क्लोराइड आयन! आणि जो गेला तो एक प्रोटॉनचा, म्हणजे अजूनही हायड्रोजनच. आम्लाने प्रोटॉन दिला याचा अर्थ त्याने अख्खे अणुकेंद्र दिले, कुणाच्या अणुकेंद्रातून काही काढून दिले नाही. मूलद्रव्य बदलण्याचा प्रश्नच उरत नाही.

मग हा एकटा प्रोटॉन पाण्यात फिरतो का? नाही. तो अणूच्या मानाने हजारो पटींनी लहान असतो. एवढ्याशा जागेत एक पुरा धन भार असल्याने तो जवळच्या इलेक्ट्रॉनांना विलक्षण जोराने ओढतो, आणि पाण्यात क्षणभरही मोकळा राहू शकत नाही. पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे न वापरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. त्यांतल्या एकीला तो जाऊन चिकटतो. दोन हायड्रोजनच्या पाण्याला तिसरा मिळतो. या तीन हायड्रोजनच्या आयनाला हायड्रोनियम म्हणतात.

तिथेही तो ठरत नाही. हायड्रोनियम आपल्याकडच्या तीनपैकी एक प्रोटॉन शेजारच्या पाण्याच्या रेणूला देतो, तो त्याच्या पुढच्याला. घराचा स्लॅब पडताना माणसे रांगेत उभी राहून घमेली हातोहात वर पाठवतात. माणसे जागची हलत नाहीत, माल मात्र वर पोचतो. फरक इतकाच की इथे आलेले घमेले ठेवून घेऊन आपल्याजवळचे दुसरे पुढे देतात. म्हणूनच पाण्यात प्रोटॉन इतर आयनांपेक्षा कितीतरी वेगाने पुढे सरकल्यासारखा दिसतो. अशा हातोहात साखळीची कल्पना ग्रोटहुस याने १८०६ मध्येच मांडली होती, तेव्हा प्रोटॉन हा शब्दही जन्माला आलेला नव्हता.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. घेणारा कुणी नसेल तर देणे घडत नाही. कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या लिटमसला लाल करीत नाही. टोल्यूइनसारख्या द्रवात तो विरघळवला तर त्या द्रावणातून वीज वाहत नाही. पाणी आले की दोन्ही होते, कारण पाणी प्रोटॉन घेते. १९२३ मध्ये कोपनहेगनचा ब्रॉनस्टेड आणि केंब्रिजचा लाउरी या दोघांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट व्याख्येत बसवली. प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. तेव्हापासून आम्ल हा केवळ एका पदार्थाचा गुण राहिला नाही, ते दोघांमधले नाते झाले. एकच पाणी हायड्रोजन क्लोराइडकडून प्रोटॉन घेते आणि अमोनियाला प्रोटॉन देते. कुणासमोर उभे आहे, यावर त्याची भूमिका ठरते.

सगळी आम्ले सारखी उदार नसतात. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पातळ द्रावणात जवळजवळ प्रत्येक रेणू प्रोटॉन देऊन मोकळा होतो. त्याला तीव्र आम्ल म्हणतात. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाच्या पातळ द्रावणात शंभरातला एखादाच रेणू दिलेल्या स्थितीत सापडतो. बाकीचे देतात आणि लगेच परत घेतात. ते सौम्य आम्ल. माझ्या आजोळी थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतात पातळ फडके पसरतात, दवाने भिजले की पिळून बाटलीत भरतात. ती हरभऱ्याची आंब. पोट दुखले की आजी त्याचे थेंब पाण्यातून देत असे. त्या आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. हरभऱ्याची आंब, लिंबू, चिंच, कोकम यांची आम्ले निरनिराळी. तरी जीभ सगळ्यांना 'आंबट' हा एकच शब्द वापरते, आणि ते बरोबरच आहे. जिभेवरच्या काही पेशींत प्रोटॉनला आत घेणारी एका प्रथिनाची वाट असते, आणि आंबट चव तिच्यातून कळते, असे २०१९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसून आले. आंबट म्हणजे प्रोटॉनची चाहूल.

ही चाहूल मोजण्याची पट्टी म्हणजे पीएच. कोपनहेगनच्या एका मद्यनिर्मिती कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन याने ती १९०९ मध्ये तयार केली. शुद्ध पाण्याचा पीएच सात. त्या पाण्यातसुद्धा रेणू आपापसांत प्रोटॉन देतात-घेतात, पण एका वेळी साधारण पंचावन्न कोटी रेणूंमागे एकच हायड्रोनियम आढळतो. पट्टीवर एक घर खाली उतरले की हे प्रमाण दहापट होते. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास, म्हणजे शुद्ध पाण्याच्या मानाने प्रोटॉन दहा हजार पटींहून जास्त. आपल्या जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल त्याहूनही खाली जाते. रक्त मात्र ७.४ च्या जवळ राहते, आणि तिथून थोडे जरी हलले तरी जिवावर बेतते. आपण सारेच प्रोटॉनचा तोल सांभाळून जगत असतो.

आता पुन्हा आमच्या न्हाणीघरात येऊ.

ब्लीचिंग पावडरीत हायपोक्लोराइट नावाचा ऋण आयन असतो. एक क्लोरीन आणि एक ऑक्सिजन यांची ती जोडी. बाटलीतल्या अ‍ॅसिडात होते भरपूर प्रोटॉन आणि भरपूर क्लोराइड. दोन्ही एकत्र आली तेव्हा दोन प्रोटॉनांनी हायपोक्लोराइटमधला ऑक्सिजन उचलला आणि त्याचे पाणी केले. मागे राहिलेल्या क्लोरीनला इलेक्ट्रॉनचा तुटवडा पडला. त्याने शेजारच्या शांत क्लोराइडला त्याच्या जादा इलेक्ट्रॉनमध्ये वाटेकरी करून घेतले, आणि दोघांनी मिळून क्लोरीनचा रेणू बनवला. ईप्रच्या खंदकांत उतरला तोच वायू.

हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. म्हणून तो वर न जाता फरशीवर साचतो. आई उभी असती तर कदाचित तिला वेळेवर वास आला असता आणि ती बाहेर आली असती. पण ती उकिडवी बसली होती, तिचे तोंड फरशीच्या जवळ होते. आणि फुप्फुसांच्या ओल्या अस्तरावर क्लोरीन पोचला की पाण्याशी संयोग होऊन पुन्हा आम्लेच तयार होतात, हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस. ती अस्तराला पोळतात. आईचा तो खोकला म्हणजे हे सारे रसायनशास्त्र होते, आणि मी शेजारच्या खोलीत कादंबरी वाचीत होतो.

कादंबरी वाचणे हा गुन्हा आहे, असे मला म्हणायचे नाही. पण 'आपण आर्ट्सचे, आपल्याला काय करायचंय' हे वाक्य मी पूर्वी जितक्या सहज बोलत असे, तितक्या सहज आता बोलवत नाही. न्हाणीघरातल्या प्रोटॉनने आमची शाखा विचारली नव्हती.

महिन्याअखेर मी धाकटीला बसवून तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिली. सामाईक वाड्याचा दाखला तिला पटला. ती म्हणाली, "म्हणजे प्रोटॉन 'जातो' म्हणायचं, क्लोरीन प्रोटॉन 'गमावतो' म्हणायचं नाही." मी सतरा वाक्यांत सांगितलेले तिने एका वाक्यात आणले.

त्यानंतर मी एक काम केले. अ‍ॅसिडच्या बाटलीवरची सूचना इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत होती. माझ्या आईला मराठी चांगले वाचता येते, इंग्रजी येत नाही. मी पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिले: 'हे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. विषारी वायू होतो. वास आला तर काम सोडून ताबडतोब मोकळ्या हवेत जावे.' तसाच कागद पावडरीच्या डब्यावर लावला, आणि दोन्ही वस्तू दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवल्या.

आईने चष्मा लावून कागद वाचला. एकदा, मग परत एकदा. मग म्हणाली, "एवढंच होतं, तर आधी का नाही लिहिलंस रे?"